जुनी डिझेल पिकअप घेताना : गिअरबॉक्सचे दुखणे कसे ओळखावे?



हंगाम संपून उसाची बिले खात्यावर पडली, की गावोगावी दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक पोरीच्या लग्नाची आणि दुसरी गाडीची. खत आणायचे, बेणे न्यायचे, भाजीपाला मार्केटला पोचवायचा, दुधाचे कॅन डेअरीवर टाकायचे, पेंडीची पोती आणायची. दरवेळी भाड्याच्या गाडीची वाट बघत बसण्यापेक्षा आपलीच एखादी पिकअप दारात असावी, असे कुणाला वाटणार नाही? नवी घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. मग आठ-दहा वर्षे वापरलेली टाटा २०७ किंवा बोलेरो पिकअप बघायला माणसे निघतात. त्यात गैर काही नाही. नीट पारखून घेतलेली जुनी गाडी पाच-सात वर्षे इमानाने काम देते.

पण पारखायची कशी? आपण बैल घ्यायला बाजारात जातो तेव्हा काय करतो? दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चालवून बघतो, जमले तर जुंपूनही बघतो. नुसत्या रंगावर आणि शिंगांच्या हिंगुळावर भुलून दावे सोडत नाही. गाडी घेताना मात्र हाच शहाणा माणूस नवा रंग, नवे सीटकव्हर आणि पुढची माळ बघून इसार देऊन मोकळा होतो.

या लेखात साऱ्या गाडीची माहिती देत नाही. इंजिनाचा धूर आणि टायरची नक्षी बघायला आता बहुतेकजण शिकले आहेत. पैसा बुडतो तो गिअरबॉक्समध्ये, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि विकणारा एकच वाक्य बोलतो, "काय नाय ओ, फक्त क्लचप्लेटचं काम हाय." या एका वाक्याची किंमत कशी काढायची, तेवढेच आज बघू.

एक घडलेली गोष्ट

कारखान्याच्या वाहन विभागात मी बरीच वर्षे काढली. आमच्याच गटातले एक सभासद, नाव सांगत नाही, तालुक्याच्या गावी एक पिकअप बघून आले. मालकाने सकाळीच गाडी फिरवून गरम करून ठेवली होती. सपाट डांबरी रस्त्यावर रिकाम्या गाडीत दोन किलोमीटर चक्कर मारली. गिअर पडताना जरा कुरकुर वाटली, तर मालक म्हणाला, "अण्णा, प्लेट बदलली की लोण्यासारखा पडंल." व्यवहार झाला.

आठ दिवसांनी सोसायटीतून खताची पोती भरून निघाले. ओढ्याच्या पुलापुढचा चढ चढून उताराला लागले, आणि तिसरा गिअर आपोआप निसटला. पाठीमागे टनभर ओझे, गाडी न्यूट्रल, नुसत्या ब्रेकवर भरवसा. पांडुरंगाची कृपा म्हणून खाली वळणावर कोणी नव्हते. नंतर बॉक्स खोलला तर आतल्या खालच्या शाफ्टचे बेअरिंग संपलेले आणि दोन गिअरांचे दात झिजून गेलेले. पैसे गेले ते गेलेच. शिवाय टोमॅटोच्या ऐन तोडणीत गाडी तीन आठवडे गॅरेजला पडून राहिली आणि माल भाड्याच्या गाडीने न्यावा लागला.

आता याच्या उलट उदाहरण. दुसऱ्या एका सभासदाने बॉक्स बिघडलेला आहे हे पूर्ण जाणून पिकअप घेतली. आधी मिस्त्रीकडून अंदाज लिहून घेतला, तेवढे पैसे किमतीतून कापून घेतले, पहिल्याच आठवड्यात काम करून घेतले. ती गाडी अजून पळते आहे. तेव्हा ध्यानात ठेवा : बिघाड असणे हा तोटा नव्हे. बिघाड कुठे आहे ते न कळता पैसे देणे हा तोटा.

ताकद चाकापर्यंत कशी जाते?

इंजिन जी ताकद काढते ती चार टप्प्यांनी मागच्या चाकाला मिळते.

१) क्लच : इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा व सोडवणारा भाग. यात क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग येतात.

२) गिअरबॉक्स : यात शाफ्ट, गिअर, बेअरिंगे असतात. शिवाय पितळी रिंगा असतात. दोन गिअरांचा वेग जुळवून आवाज न करता गिअर पाडून देणे हे त्यांचे काम.

३) प्रॉपेलर शाफ्ट : गाडीच्या पोटाखालचा लांब दांडा. याला क्रॉस असतात, आणि लांब गाडीत मधले बेअरिंगही असते.

४) डिफरन्शियल : मागच्या आसावरचा गोळा. यात क्राऊन आणि पिनियन असतात.

चारांपैकी कुठलाही भाग बिघडला तरी गाडीवाला म्हणतो, "गिअरचा प्रॉब्लेम." आणि चारांचा खर्च मात्र वेगवेगळा. कधी काम नुसत्या क्लचच्या ऑईलच्या लहानशा सिलिंडरवर भागते, कधी अख्खा बॉक्स खोलावा लागतो. म्हणून दुखणे नेमके कुठे आहे ते शोधणे हीच खरी पारख.

जाताना काय तयारी करावी?

मालकाला आधी फोन करून सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागली तर चहा घ्या, गप्पा मारा, तास-दोन तास थांबा. थंड गाडी खरे बोलते. आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्या, आणि त्याची दिवसाची हजेरी आपण द्या. विकणाऱ्याच्या चहापाण्यावर आलेला मिस्त्री आपला नसतो. जुने फडके, टॉर्च आणि वही-पेन्सिल बरोबर असू द्या.

गाडी उभी असताना

प्रथम खाली वाकून बघा. इंजिन आणि बॉक्स जिथे जुळतात तिथे, बॉक्सच्या मागच्या तोंडाशी आणि डिफरन्शियलवर ऑईल गळते का? पोट धुऊन चकाचक केले असेल तर चक्कर मारून आल्यावर पुन्हा बघा. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली कधीही शिरू नका. रॅम्प किंवा खड्डा असलेल्या गॅरेजलाच न्या.

मग मागचे कमानपाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांवर आणखी एक-दोन पाटे चढवले असतील, किंवा चेसिसला वेल्डिंगचे जोड दिसत असतील, तर ती गाडी जास्त ओझ्याने राबवलेली आहे असे समजावे. ज्या ओझ्याने पाटे वाकले त्याच ओझ्याने क्लच, बॉक्स आणि क्राऊन-पिनियनवरही ताण दिलेला असतो. किलोमीटरचा काटा फिरवता येतो, पाट्यांची साक्ष सहसा फिरत नाही.

आता गाडी चालू करा. न्यूट्रलमध्ये ठेवून क्लचवरून पाय काढा आणि कान द्या. मग क्लच पूर्ण दाबा आणि पुन्हा ऐका.

पाय काढल्यावर घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते : दुखणे बॉक्सच्या आतल्या बेअरिंगचे असण्याचा संभव जास्त. क्लच दाबला की बॉक्सचे आतले शाफ्ट थांबतात, म्हणून आवाजही थांबतो.

क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो : बहुधा रिलीज बेअरिंग.

जुन्या डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये थोडी खडखड असतेच, तिने घाबरू नये. दळणाच्या जात्यासारखी सलग घरघर किंवा गुरगुर आली तर मात्र सावध व्हावे.

यानंतर क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. थांबूनही 'खर्र' आवाज आला तर क्लच पुरता सुटत नाही. क्लच दोन-तीनदा पंप करून पुन्हा टाकून बघा. पंप केल्यावर गिअर सहज पडला तर दोष बहुतेक क्लचच्या ऑईलच्या सिलिंडरचा, म्हणजे तुलनेने हलक्या खर्चाचा. कधी कधी खुद्द मालकालाच वाटत असते की बॉक्स गेला, आणि निघते हे एवढेसे.

क्लच घसरतो का ते बघायला मोकळी जागा निवडा, पुढे-मागे कोणी उभे राहू देऊ नका. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेकही दाबा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धापा टाकून बंद पडले पाहिजे. बंद न पडता नुसतेच फिरत राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास चांगली प्लेटही जळते.

गाडी चालवताना

मालकाला म्हणावे, "दादा, मीच चालवतो, तुम्ही शेजारी बसा." त्याचा हात त्या बॉक्सला सरावलेला असतो. कुठला गिअर कसा दाबून धरायचा हे त्याला पाठ असते. रेडिओ बंद, काचा खाली. शक्य तर गाडीत नियमाएवढे वजन भरावे, आणि रस्ता चढ-उताराचा निवडावा. सपाटीला रिकामी गाडी कुणाचीही चांगलीच पळते.

क्रमाने प्रत्येक गिअर टाका, वर जाताना आणि खाली येतानाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येणे ही खरी कसोटी.

एकाच गिअरला कर्रकर्र : त्या गिअरची पितळी रिंग झिजली.

सगळ्याच गिअरांना कर्रकर्र : आधी क्लचकडे बघा, बॉक्सकडे नंतर.

मग गिअर निसटतो का ते बघा. प्रत्येक गिअरमध्ये चढाला ॲक्सिलरेटर दाबा, मग एकदम सोडा. उतारालाही गिअरमध्ये ठेवून पाय काढा. या वेळी लिव्हरला हात लावायचा नाही. लिव्हर थरथरून मागे आला किंवा गिअर न्यूट्रल झाला, तर आतले दात, फोर्क, स्प्रिंग किंवा बेअरिंग झिजलेले आहे. क्वचित इंजिन-बॉक्सची रबरी फाउंडेशने बसल्यामुळेही असे होते; ते काम स्वस्तातले. पण खरे कारण कळेपर्यंत अशा गाडीत ओझे भरू नये. वर सांगितलेल्या सभासदाचे उदाहरण विसरू नका.

आता आवाजाचा शोध. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पाच गिअरच्या बहुतेक बॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो. म्हणजे ताकद सरळ पुढून मागे जाते, खालच्या शाफ्टवर ओझे पडत नाही. म्हणून :

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्याला आवाज आणि चौथ्याला गायब : खालचा शाफ्ट आणि त्याची बेअरिंगे संशयित.

एकाच गिअरला आवाज : त्याच गिअरचे दात.

गिअर कुठलाही असो, आवाज तोच, फक्त वेगाबरोबर वाढतो-कमी होतो : दोष बॉक्सच्या मागे. मोकळ्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने क्षणभर न्यूट्रल करा. तरीही 'हूं-हूं' चालूच राहिली तर डिफरन्शियल, मधले बेअरिंग किंवा चाकाचे बेअरिंग तपासा.

गाडी निघताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना 'टक्' आवाज : बहुधा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा डिफरन्शियलमधली ढिलाई.

शेवटी चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, आणि जळका वास येतो, तर प्लेट संपली.

ऑईल काय सांगते?

ही परीक्षा मालक सहसा करू देत नाहीत, पण सर्वांत खरी हीच. गॅरेजमध्ये बॉक्सचा ऑईल सोडायचा नट उघडून थोडे ऑईल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्यावे आणि उन्हात बघावे.

जुने ऑईल काळसर असते आणि त्यात पिठासारखी बारीक भुकटी असते. तेवढी झीज चालायचीच. पिवळी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजताहेत. लोखंडाचे कण बोटाला टोचले किंवा तुकडे निघाले, तर दात किंवा बेअरिंग तुटते आहे. मग बॉक्स खोलल्याशिवाय गत्यंतर नाही. ताकासारखे किंवा दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे.

आणि ऑईल काकवीसारखे घट्ट निघाले तर? मग मालकाने आवाज दाबण्यासाठी जाड ऑईल किंवा ग्रीस भरल्याचा दाट संशय घ्यावा. असा बॉक्स थंड असताना गप्प बसतो आणि पुरता गरम झाल्यावर बोलू लागतो. म्हणून परीक्षा थंड गाडीपासून सुरू करून चांगले पंधरा-वीस किलोमीटर चालवून, पुन्हा पहिल्यापासून करावी.

हिशेब कसा मांडावा?

दोन गॅरेजमधून अंदाज लेखी घ्या. एक लक्षात ठेवा : नुसती क्लचप्लेट बदलायची तरी बॉक्स खाली उतरवावाच लागतो. तेव्हा बॉक्स उतरलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑईल सील ही कामे बरोबरच उरकावीत, म्हणजे उतरवण्याची मजुरी दुबार पडत नाही.

आता एक हिशेब करू. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत, आपल्या भागातले आकडे आपण घालावेत. समजा, त्याच सालची ठणठणीत गाडी ३,२०,००० रुपयांना मिळते. आपल्यासमोरची गाडी २,६०,००० ला सांगितली आहे, आणि "फक्त क्लच" आहे.

क्लचचा पूर्ण संच : १४,०००
बॉक्स खोलून काम : ३८,०००
पासिंग, विमा, कर व इतर कागद : ३६,०००
दहा दिवस भाड्याची गाडी, रोज १,५०० प्रमाणे : १५,०००
एकूण : १,०३,०००

३,२०,००० मधून १,०३,००० वजा जाता उरले २,१७,०००. त्यातही न दिसलेल्या कामासाठी दहा-पंधरा हजार बाजूला ठेवायला हवेत. म्हणजे साठ हजारांनी स्वस्त वाटलेली गाडी खरे तर पन्नास-साठ हजारांनी महाग आहे. मालक म्हणेल, "बॉक्सला काय झालेलं नाय." तर हसून म्हणावे, "मग तुम्हीच क्लच बदलून द्या, आणि भरल्या गाडीनं चढावर दाखवा. सांगाल ती किंमत देतो." खरा असेल तो कबूल होईल. जो नाही म्हणेल, त्याचे उत्तर आपल्याला मिळाले.

जुना बॉक्स भंगार बाजारातून आणून बसवण्याचाही एक मार्ग आहे. तो कधी स्वस्त पडतो. पण आपल्याच गाडीच्या जातीचा असावा, डोळ्यांदेखत उघडून बघितलेला असावा, आणि दुकानदाराने बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून द्यावी. नाहीतर एक दुखणे टाकून दुसरे दुखणे विकत घेतल्यासारखे होईल.

कागदपत्रांचे थोडक्यात

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर नाहरकत दाखला आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ई-चलनाची थकबाकी बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला पर्यावरण कर आहे, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांची पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून खूपच वाढवलेली आहे. हा सारा खर्च वरच्या हिशेबात धरावा.

नमुना २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन ते कपाटात ठेवू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात व्यवहार झाला तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. ज्यांना आपली जुनी गाडी विकायची आहे त्यांनी तर हे जास्तच सांभाळावे. अपघात झाला तर दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी कुणी दुसराच चालवायचा आणि भरपाई आपण द्यायची, अशी पाळी येऊ नये.

शेवटी, व्यवहाराच्या दिवशी या सहा गोष्टी मनात उजळाव्यात :

१) गाडी थंड असताना सुरू करून बघितली का?
२) क्लच दाबून आणि सोडून, दोन्ही वेळा आवाज ऐकला का?
३) चढ-उताराला, ओझ्यासह, स्वतः चालवली का?
४) बॉक्सचे ऑईल भांड्यात काढून बघितले का?
५) दोन गॅरेजचे अंदाज लेखी आहेत का?
६) कागदांचा आणि खाड्याच्या दिवसांचा खर्च धरला का?

सहांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर इसाराची नोट खिशातच ठेवावी. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येणाराय," असे मालक म्हणेल. येऊ द्यावे. बैलबाजार दर आठवड्याला भरतो, तसे गाड्यांचेही आहे; एक गेली तर दुसरी येईल. उसाचा पैसा मात्र बारा-अठरा महिने पाणी पाजल्यावर एकदाच हाती येतो.